मालवणातल्या लॉजचं ड्रेनेज: वार्षिक करार घेतल्यानंतरचे दहा महिने

श्रावण लागलाय, गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय, तेव्हा बरेच दिवस मनात होतं ते लिहून टाकतो. आमचं मालवणात बारा खोल्यांचं लॉज आहे, खाली खानावळ आणि रस्त्याकडेला भाड्याने दिलेले दोन गाळे. गेल्या ऑक्टोबरात ड्रेनेज साफसफाईचा वर्षाचा करार केला. चार ठरलेल्या फेऱ्या, शिवाय दोन वेळा तातडीने बोलावलं तर यायचं, असे अठ्ठावीस हजार. मैला उपसायचा टँकर वेगळा. एजन्सीचं नाव देत नाही. जाहिरात वाटायला नको, आणि तक्रारीही आहेत.

करार करायची पाळी आणली ती गेल्या वर्षीच्या मे महिन्याने. शनिवारची रात्र, साडेआठ, हॉल भरलेला, सुरमईच्या थाळ्या सुटताहेत आणि भांडी घासायच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. पाठोपाठ तळमजल्यावरच्या दोन नंबर खोलीतला कमोड. त्या खोलीत पुण्याचं कुटुंब, बरोबर वयस्कर आई. पैसे परत केले, रात्री दहा वाजता त्यांच्यासाठी दुसरीकडे खोली शोधली, सामान मी स्वतः उचलून दिलं. त्या आजी जाताना काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तोवर आमचे उपाय ठरलेले होते. बांबूची कांब घालायची, ॲसिड ओतायचं, नाहीतर खानावळीतून उकळतं पाणी. उकळत्या पाण्याने तेल वितळतं हे खरं, पण ते चार हात पुढे जाऊन परत गोठतं, म्हणजे बोळा तुम्ही फक्त पुढच्या चेंबरला नेऊन ठेवता. ॲसिडने तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मैला कुजायचा थांबतो. हे मला पन्नाशीनंतर कळलं.

आणि एक उपाय होता, जो लिहायला जड जातंय. मे महिन्याच्या त्याच आठवड्यात कुणीतरी दोन माणसं आणली होती. एकाने टाकीचं झाकण सरकवलं, तोंडाला रुमाल बांधला आणि दोर कमरेला लावून आत उतरायला लागला. माझी वहिनी मागच्या दारातून ओरडली म्हणून तो थांबला, माझ्यामुळे नव्हे. टाकीतला सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे माणसाला वाटतं हवा साफ झाली. तिथेच घात होतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने असं कुणालाही उतरवायला बंदी आहे, आणि उतरवणारा म्हणजे फक्त ठेकेदार नाही, मालकही आला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. त्या दिवशी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. टाकी लवकर रिकामी व्हावी एवढंच डोक्यात होतं.

तर ऑक्टोबरातली पहिली फेरी. गाडीवर बसवलेलं जेटिंग मशीन, म्हणजे पाइपात जोराने पाणी मारणारं यंत्र, आलं, तीन माणसं, हातमोजे, गमबूट. मला वाटलं, आता लगेच भसाभस पाणी मारतील. पण त्यांच्यातला जो मुख्य, त्याने आधी विचारलं, "ही लाइन खय जाता, ता कोणाक म्हायत आसा?" कुणालाच नव्हतं. लॉज तीन टप्प्यांत बांधलेलं. पहिला टप्पा वडिलांनी, पुढचे मी. पाइप घालणारा गवंडी वारला. दोन चेंबर तर फरशीखाली गाडले गेले होते.

पहिला अर्धा दिवस त्यांनी फक्त झाकणं शोधली. एका खोलीत बादलीभर रंगीत पाणी ओतायचं आणि दुसरा कुठल्या चेंबरमध्ये रंग दिसतो ते बघत उभा. मग काठीला लावलेला कॅमेरा आत. हे सगळं त्याने आमच्याच एका जुन्या मेन्यूकार्डाच्या मागे पेनाने काढलं. सोलकढी आणि तिसऱ्या (शिंपले) सुक्याच्या पाठीमागे सात चेंबर, बाण आणि फुटांचे आकडे. तीन आणि चार नंबरच्या मधल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "काकानु, ह्यो पाइप खाली जाणा नाय, वर चढता."

नवीन खोल्या काढताना जोतं उचललं, तेव्हा तो बारा फुटांचा तुकडा उलट्या उताराचा झाला होता. चार इंची पाइपाला सत्तावन्न फुटांमागे एक फूट उतार हवा, म्हणजे बारा फुटांना अडीच इंच. आमच्याकडे तेवढाच उलटा. मागच्या दहा वर्षांत त्या तुकड्यावर मी किती ॲसिड ओतलं असेल! गवंडी लावून तो खणून नीट करून घेतला, त्याचा खर्च कराराबाहेर. चौथ्या चेंबरच्या सांध्यातून माडाची मुळं आत शिरली होती, दाढीसारखी. ती कापणाऱ्या नोझलने काढली, पण माड तिथेच आहे, तेव्हा दरवर्षी काढावी लागतील हेही त्यांनी सांगितलं.

जेटिंगबद्दल थोडं, कारण लोक विचारतात. नोझलला मागच्या बाजूला भोकं असतात. पाणी मागे फेकलं जातं आणि त्याच जोरावर होज पुढे ओढला जातो, घाण मागे येते. म्हणून सुरुवात नेहमी खालच्या चेंबरपासून करून वर जायचं. कुणी वरून खाली मारायला लागला तर तो घाण पुढे लोटतोय असं समजा आणि थांबवा.

जानेवारीतली दुसरी फेरी सगळ्यात जास्त शिकवणारी. खानावळीच्या लाइनमधून पांढरे, साबणाच्या वडीसारखे तुकडे बाहेर पडले. हातात घेतला तर बोटाला चिकटत नव्हता, मोडत होता. आमच्या आमट्यांत नारळाचा रस, आणि खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. उन्हाळ्यात ते वाहून जातं, जानेवारीच्या पहाटे पाइपात घट्ट बसतं. वर भाताच्या पेजेची लाळ, माशाचे खवले आणि सोलकढीचा चोथा. मोरीपुढे ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी पेटी, होता, पण तो साफ करायची पद्धतच नव्हती. आता दर बुधवारी तो उघडतो. वरचा तेलाचा थर आणि खालचा गाळ मिळून पाव भाग भरला की काढायचा, एवढाच नियम सांगितला आहे. चोथा आणि खवले मोरीत टाकणाऱ्या मुलाला मी दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा मोरीखाली जाळीचा डबा बसवला. रागावण्यापेक्षा डबा उपयोगी पडला.

एप्रिलअखेर तिसरी फेरी. हा मे कोरडा गेला, एकदाही पाणी उलटं आलं नाही. यासाठीच पैसे दिले होते.

आता तक्रारी. मशीनला पाणी भयंकर लागतं, आणि एप्रिलात आमच्या विहिरीला पाणी असतं कुठे? करारात पाणी कुणाचं हे लिहिलेलंच नव्हतं, आणि त्यांनी टाकीतलं हजारभर लिटर संपवलं. त्या दिवशी खोल्यांना पाण्याचा टँकर मागवला. सकाळी सातला मशीन सुरू केल्यावर वरच्या मजल्यावरचे पाहुणे खाली आले ते वेगळंच. जेटिंगनंतर तीन खोल्यांत वास सुटला, मी फोन करून बरंच बोललो. निघालं असं की जोराच्या ओढीने न्हाणीच्या ट्रॅपमधलं, वास अडवून धरणारं पाणीच खेचलं गेलं होतं. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतलं, वास गेला. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. बंद खोल्यांतही ट्रॅप सुकतो, तेव्हा आता पावसाळ्यात रिकाम्या खोल्यांत आठवड्याला पाणी ओततो.

मैल्याच्या टँकरचंही एक. चालकाला विचारलं, "खय रिकामो करतास रे?" तर म्हणाला, "जागा आसा एक." म्हणजे ओहोळ नाहीतर कुणाची पडीक जमीन. कुठे रिकामं केलं त्याची पावती आणल्याशिवाय पैसे देत नाही, असं आता ठरवलंय. पावती येते. खरी असते का, हे बघायला मात्र मी मागे गेलेलो नाही.

जूनमध्ये मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला आणि सेप्टिक टँक दोन दिवसांत काठोकाठ. तातडीचा फोन केला. मुख्य माणूस एकटाच आला, मशीन न आणता. पाच नंबरच्या चेंबरचं झाकण उघडलं तर आत स्वच्छ पाणी धबधब्यासारखं. स्लॅबच्या पन्हळाचा पाइप कुणीतरी ड्रेनेजला जोडून ठेवला होता, बहुधा माझ्याच काळात. दोन हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर साडेअठरा हजार लिटर पाणी होतं, आणि आमच्याकडे जून-जुलैत असा दिवस नवलाचा नाही. एवढं पाणी आम्ही वर्षानुवर्षं सेप्टिक टँकमध्ये सोडत होतो आणि शोषखड्डा निकामी झाला म्हणून बोंबलत होतो. पाइप तोडून गटाराला वळवला.

तरीही जुलैच्या अमावास्येला, उधाण आणि पाऊस एकत्र आल्यावर, तळमजल्यावरचे फ्लश मंद झालेच. जांभ्याची जमीन वरपर्यंत भरली की शोषखड्डा पाणी घेणार कुठून? पुन्हा फोन केला. तेव्हा तोच मुख्य माणूस म्हणाला, "आता मशीन लावून पैसे घालवू नकात. पाणी ओसरांदे." दुसऱ्या दिवशी ओसरलं. कराराच्या पैशांतले निम्मे मला वाटतं या एका वाक्याचे.

ऑक्टोबरात करार वाढवणार आहे, पण चारऐवजी तीन फेऱ्या, आणि त्यातली एक जानेवारीत पक्की. कॅमेरा वर्षातून एकदा, हे लेखी. पाणी कुणी आणायचं हेही लेखी. सहा नंबर खोलीतला कमोड अजून गुडगुडतो, मुख्य माणूस म्हणतो वरचा हवेचा पाइप कुठेतरी बंद आहे, बहुधा चिमण्यांनी घरटं केलंय. चतुर्थीला चाकरमानी यायच्या आधीची फेरी पुढच्या मंगळवारी आहे, तेव्हा शिडी लावून बघणार आहेत. मेन्यूकार्ड मी लॅमिनेट करून गल्ल्यामागे टांगलंय. परवा एका पाहुण्याने ते वाचून तिसऱ्या सुक्याचा दर जुना आहे म्हणून हुज्जत घातली.