‘स्कोपस गॅरंटी’ला मी २५,४६० रुपये दिले, तुम्ही देऊ नका

पीएचडी करणारे, कॉलेजात शिकवणारे आणि ‘एकदाचा पेपर झाला की सुटलो’ म्हणत फिरणारे, या सगळ्यांसाठी लिहिते आहे. माझा संशोधनाचा पेपर ‘स्कोपस’ या सूचीतल्या जर्नलमध्ये छापून देतो, अशी गॅरंटी देणाऱ्या एजंटाला मी पैसे दिले आणि फसले. आधी हिशेब देते, कारण रक्कम विचारल्याशिवाय कुणी पुढे ऐकतच नाही. प्रकाशन शुल्क १४,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २,६१०. ‘फास्ट ट्रॅक’चे ६,०००. डीओआयचे, म्हणजे पेपरच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकाचे, १,५००. जाड कागदावरच्या प्रमाणपत्राचे, कुरिअर धरून, ८५०. एकूण २५,४६०. सगळे यूपीआयने, एकाच माणसाच्या बचत खात्यात. प्रमाणपत्र मात्र झकास आहे. सोनेरी किनार, कोपऱ्यात लाल शिक्का आणि माझ्या आडनावात एक वेलांटी चुकलेली.

‘एवढी शिकलेली बाई फसते कशी’ हे सासरी, माहेरी आणि स्टाफरूममध्ये ऐकून झालंय. ते सोडून बोलू.

माझं काम काँक्रीटचं. वाघोलीकडच्या खडी क्रशरवर जी बारीक धूळ निघते, ती नदीच्या वाळूऐवजी किती प्रमाणात चालते हे बघायचं. एम ३० ग्रेड (हा काँक्रीटच्या मजबुतीचा दर्जा), १५० मिलिमीटरचे क्यूब, वाळू २५, ५०, ७५ आणि १०० टक्के बदलून. ७ दिवसांनी काही क्यूब दाबून फोडायचे, २८ दिवसांनी बाकीचे. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, काँक्रीटला घाई चालत नाही. टाकीतलं पाणी कुणी बदललं नाही, एखादी बॅच बिघडली, की महिना गेला. अशा कामाचा पेपर होता तो. कुठून तरी उचललेला नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण पहिला संशय तोच घेतात.

आता एजंटाकडे गेलेच का? माझी पीएचडीची नोंदणी २०२२च्या आधीची, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६च्या नियमावलीखालची. प्रबंध सादर करण्याआधी मान्यताप्राप्त जर्नलमध्ये एक पेपर हवाच. नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीत ही सक्ती निघाली, पण आमच्या तुकडीला जुनंच लागू. शिवाय सक्ती कागदावरून गेली तरी गाइड, समिती आणि प्रमोशनचे गुण कुठे जातात? दोन चांगल्या जर्नलना पेपर पाठवला होता. एकाने ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ म्हणून परत केला. दुसऱ्याकडे तो महिनोन्‌महिने ‘अंडर रिव्ह्यू’ पडून होता, शेवटी मीच मागे घेतला. इकडे मुदतवाढीचा अर्ज, तिकडे विभागप्रमुखांचं ‘काय झालं पेपरचं?’ अशा वेळी पेठेतल्या एका प्रबंध-बायंडिंगच्या दुकानात, जिथे आमच्या अर्ध्या कॉलेजचे प्रबंध बांधले गेले, काउंटरमागचा माणूस म्हणतो, ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, पब्लिकेशनचंही बघतो आपण. स्कोपस, गॅरंटीड.’

गॅरंटी शब्दालाच उठून जायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. स्कोपस ही जर्नलांची आणि त्यांतल्या पेपरांची सूची आहे, एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीची. ती कुणाचा पेपर घेत नाही, छापत नाही, त्यामुळे तिची गॅरंटी देणारा माणूस जगात असूच शकत नाही. हे मलाही ठाऊक होतं. पण आपल्याकडे ‘गॅरंटी’ तर पंखा दुरुस्त करणाराही देतो.

आणि मी तपासलं होतं. हे ठळक करून वाचा. जर्नलचं नाव स्कोपसच्या यादीत घालून बघितलं, होतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा क्रमांक, जुळवला, जुळला. ‘विविध वैज्ञानिक व तांत्रिक शाखांतील संशोधन’ असं घोषवाक्य होतं, म्हणजे काँक्रीटही चालेल, आयुर्वेदही चालेल, मधमाशाही चालतील. ते खटकलं होतं, पण अशी चांगली जर्नलंही असतात. नाव खरं, क्रमांक खरा, जर्नलही खरं. खोटी होती ती वेबसाइट. कुठल्या तरी जुन्या, छापील, सरळमार्गी नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन उचलायचा, आणि त्या नावाने दुकान थाटायचं. याला क्लोन जर्नल म्हणतात, तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं, प्री-पीएचडी कोर्सच्या नोट्समध्ये एक ओळ आहे त्याच्यावर. फक्त आपल्यासमोर आलेलंच क्लोन आहे, हे त्या ओळीत नव्हतं.

म्हणून पहिलं लक्षात ठेवा. एजंटाने पाठवलेल्या लिंकवरून जर्नल तपासायचं नाही. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर जाऊन तो क्रमांक कुठल्या देशातल्या कुठल्या प्रकाशकाचा आहे ते बघा, आणि त्या प्रकाशकाकडून वेबसाइटपर्यंत या. उलट्या दिशेने नको. स्कोपसवर भरवसा ठेवून लिंक दाबावी, तर तिथल्याही काही लिंका क्लोनवाल्यांनी पळवल्या होत्या. २०२३च्या अखेरीस स्कोपसने जर्नलच्या वेबसाइटच्या लिंका काढूनच टाकल्या. आणि आयएसएसएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तो नुसता नोंदणी क्रमांक आहे.

आता ती जागा, जिथे माझं डोकं जागेवर असायला हवं होतं.

पेपर शुक्रवारी संध्याकाळी दिला. रविवारी सकाळी, पोह्यांची फोडणी चालू असताना, रिव्ह्यूअरचे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, अभिप्राय आले. दोन रिव्ह्यूअर, प्रत्येकी पाच मुद्दे. काँक्रीटचा क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवावा लागतो आणि त्याच्यावरचा पेपर दीड दिवसात दोन तज्ज्ञांनी वाचून काढला! तरी ते सोडा, ‘फास्ट ट्रॅक’चे सहा हजार त्यासाठीच दिलेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. पहिल्या रिव्ह्यूअरचं ‘भाषा सुधारावी, अलीकडचे संदर्भ वाढवावेत’ हे नेहमीचं. दुसऱ्याचा चौथा मुद्दा असा होता की अभ्यासात सहभागी झालेल्या व्यक्तींची लेखी संमती कशी घेतली, आणि नैतिकता समितीची परवानगी होती का, याचा उल्लेख करावा.

सहभागी व्यक्ती! माझ्या अभ्यासात सहभागी होते ते सिमेंट, खडी, धूळ आणि पाणी. आणि लॅबमधले आमचे मामा, जे मशीन चालवतात. क्यूबची संमती घेऊन त्याला फोडायचा, असं त्या रिव्ह्यूअरचं म्हणणं.

मी काय केलं? उत्तरांच्या तक्त्यात त्या मुद्द्यासमोर अदबीने लिहिलं, ‘हा मुद्दा प्रस्तुत अभ्यासाला लागू नाही.’ रिव्ह्यूअरचे आभारही मानले. कारण वरती ‘मायनर रिव्हिजन’, म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असं लिहिलेलं होतं, आणि ते वाचल्यावर माणसाला खालचं दिसत नाही. नवऱ्याला हसत हसत वाचून दाखवलं, तोही हसला. दोघं शिकलेली माणसं, रविवारी सकाळी चौदा हजार पाचशे रुपये बुडताना बघत होतो आणि पोहे खात होतो. कुठल्या तरी वैद्यकीय पेपरचे जुने अभिप्राय नाव बदलून मला चिकटवले होते, बाकी काही नाही. अजून रात्री तो चौथा मुद्दा आठवला की चिडचिड होते.

पण मला सांगा, रिव्ह्यूअर वेंधळे असतात हे आपण खऱ्या जर्नलमध्येही बघतोच ना? माझ्या एका मैत्रिणीला नामवंत जर्नलच्या रिव्ह्यूअरने दुसऱ्याच पेपरवरचे शेरे पाठवले होते. मग मी कशावरून ओळखणार होते?

उजेड पडला तो प्री-सबमिशनच्या सेमिनारमध्ये. बाहेरून आलेल्या एका बाईंनी माझा डीओआय मोबाइलवर डीओआय डॉट ऑर्गमध्ये टाकला, आणि ‘डीओआय सापडत नाही’ असा इंग्रजी फलक सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. माझे गाइड सर शेजारी. पेपरवर त्यांचंही नाव. ते काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला. दीड हजार रुपये मी ज्या क्रमांकासाठी दिले होते, तो कुठेच नोंदलेला नव्हता. दहापासून सुरू होणारे आकडे कुणीही टाइप करू शकतं. डीओआय मिळाल्या मिनिटाला टाकून बघा, प्रमाणपत्राची फ्रेम करायच्या आधी.

पावतीवरचा जीएसटी क्रमांकही त्या दिवशी घरी येऊन मोजला. १५ अक्षरं लागतात, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ने. माझ्या पावतीवर १४ होती. म्हणजे २,६१० रुपये कर मी सरकारला नाही, त्या बचत खात्याला भरला.

तरी पैसे गेले, गेले. खरं नुकसान दुसरंच आहे आणि ते एजंटला आधीपासून माहीत असतं. तोच पेपर आता खऱ्या जर्नलला पाठवला, तर साम्य तपासणीत जवळजवळ अख्खा सापडतो, कारण तो त्या खोट्या साइटवर माझ्याच नावाने टांगलेला आहे. ‘पूर्वप्रकाशित’ म्हणून परत. मी तसा पाठवला आणि तसाच परत आला. काढून टाका म्हटलं तर काय उत्तर? ‘विथड्रॉवल चार्जेस १२,००० मॅडम, पॉलिसी आहे.’ दुकानात भांडायला गेले, तेव्हा काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेला दरपत्रकाचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या तयार पेपरवर लेखक म्हणून पहिलं नाव १८,०००, दुसरं १२,०००, चौथं ६,०००. झेरॉक्सच्या दरांच्या खाली. झेरॉक्स दोन रुपये, स्पायरल चाळीस रुपये, संशोधक व्हायचं असेल तर सहा हजारांपासून पुढे.

‘आम्ही फक्त फॉरवर्ड करतो, जर्नल आमचं नाही,’ हे त्याचं म्हणणं. बचत खातं मात्र त्याच्या मेहुण्याचं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, मागेपुढे बघितलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही पैसे दिले, त्यांनी छापून दिलं. मग फसवणूक कुठे झाली?’ मी म्हटलं, जर्नल खोटं आहे. ‘साइट उघडते ना?’ उघडते. ‘तुमचं नाव आहे ना त्याच्यात?’ आहे. ‘मग?’ स्कोपस कुठली कंपनी, तिचं ऑफिस पुण्यात कुठे, हे विचारून झालं. दुसऱ्याच्या नावाने दुकान चालवून पैसे घेणं याला भारतीय न्याय संहितेत ३१८ आणि ३१९ ही कलमं आहेत, हे मी घरून वाचून गेले होते, तर ‘तुम्ही वकील आहात का’ असं विचारलं. अर्ज घेतला, पोचेचा शिक्का देताना मात्र ‘ही दिवाणी बाब दिसते’ म्हणून वर पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिलीने!

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला. विद्यापीठातल्या संबंधित विभागाने सांगितलं की जर्नल निवडण्याची जबाबदारी संशोधकाची. लेखी द्या म्हटलं तर लेखी देण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. कॉलेजच्या संशोधन समितीने मला कारणे दाखवा नोटीस काढायची की नाही यावर बैठक घेतली. दुकानदारावर बैठक कुणी घेतली नाही. त्याच दुकानात समितीच्या दोघांचे प्रबंध बांधलेले आहेत, हे मी बैठकीत बोलले नाही, इथे बोलते.

बरं, हे काही आज उगवलेलं नाही. २०१७ साली यूजीसीने मान्य जर्नलांची यादी काढली. विद्यापीठांच्या शिफारशीने तीत घुसलेल्यांपैकी १,००९ जर्नलं आपल्याच पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली, ‘करंट सायन्स’ या जर्नलमध्ये २०१८ साली छापलं: ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असू शकतात. कुणाचे पत्ते नाहीत, कुणाचे संपादक नाहीत, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचं वजन दाखवणारा आकडा, घरी बनवलेला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. मग २०१९ला यूजीसीची नवी, ‘केअर’ नावाची जर्नलांची यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि तिथे क्लोन जर्नलांची वेगळी यादीही असायची. २०२५च्या सुरुवातीला केअर यादीच बंद केली. आता संस्थांनी आपापले निकष ठरवायचे. आमच्या संस्थेने ठरवलेला निकष काय, तर ‘स्कोपस असावं’. म्हणजे परत त्याच काउंटरवर.

मदत कुणी केली तर ती खऱ्या जर्नलच्या संपादकांनी. मी पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं: आमच्या नावाची ती साइट आमची नाही, आमच्याकडे असे तुम्ही पहिले नाही. ते पत्र मी रंगीत प्रिंट काढून समितीपुढे ठेवलं, तेव्हा कुठे नोटिशीचा विषय थांबला. तुम्हीही फसला असाल तर सगळ्यात आधी हे पत्र मिळवा. पळवलेल्या जर्नलांची एक यादी रिट्रॅक्शन वॉच या संशोधनातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या संकेतस्थळाने २०२२पासून ठेवली आहे, फुकट आहे, पेपर पाठवायच्या आधी तिथे नाव शोधा. पैसे नुकतेच गेले असतील तर वाट बघू नका, त्याच तासात १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. मी उशिरा जागी झाले, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. आणि ‘विथड्रॉवल’चा एक रुपयाही देऊ नका, दिल्यावरही पेपर काढत नाहीत. मला हे आमच्याच मजल्यावरच्या मेकॅनिकलच्या एका सरांनी, दार लावून, सांगितलं. त्यांचे नऊ हजार गेलेत.

सध्या मी जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. प्रबंधासाठी क्यूब नव्याने टाकलेत, या वेळी धुळीबरोबर फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख) घेऊन, म्हणजे निकाल वेगळे आणि पेपर वेगळा. पेठेतल्या अशा दुकानाची पावती तुमच्याकडे असेल, तिच्यावर १४ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असेल, तर ती फाडू नका. नाव गुप्त ठेवून मला कळवा, चार-पाच जण झालो तर तक्रार एकत्र करता येते.