अंगठा उठत नाही म्हणून दहाही बोटं दिली

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आत्ती बँकेत पाचशे रुपये काढायला गेल्या. (आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई.) लाह्या, दूध, नातीला बांगड्या, एवढंच आणायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं पासबुक छापून दिलं आणि म्हणाली, "आजी, खात्यावर बाराशे चाळीस आहेत." आत्तींना वाटलं पोरगी आकडा वाचायला चुकली. आमच्या हिशोबानं त्यांच्या खात्यावर एकवीस हजार असायला हवे होते. अकरा हजार गृहलक्ष्मीचे (घरच्या बाईला महिन्याला पैसे देणारी कर्नाटक सरकारची योजना) साठवलेले आणि दहा हजार पुराचे.

पुराचे दहा हजार कधी आलेच नव्हते. गेले होते.

आमचं मराठी बोलणारं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. त्या वर्षी सरकारनं घरटी दहा हजार दिले. आपत्ती निधीच्या निकषाचे 3,800 आणि कर्नाटक सरकारनं वरून घातलेले 6,200. त्यासाठी आम्ही कुठं खेटे घातले नाहीत. तलाठी आले, पंचनामा झाला, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स दिली, पैसे खात्यावर आले. त्यामुळं "पूर आला की दहा हजार" हे गावातल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्यानं आम्हाला लुटलं त्याच्याही डोक्यात ते होतंच.

2024 च्या जुलैअखेरीस पाणी पुन्हा चढलं. पाटगावकडं पाऊस थांबेना, जत्राट-भिवशी बंधारा पाण्याखाली गेला, आणि आम्ही नदीकडच्या आळीतली घरं मराठी शाळेत जाऊन बसलो. सरकारी भाषेत ते काळजी केंद्र. म्हातारी माणसं अजून गंजी केंद्रच म्हणतात. दोन वेळा भात-आमटी मिळायची, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. तिथं एक दिवस तलाठीबाई आल्या होत्या. नव्या, तिकडं बैलहोंगलच्या बाजूच्या, मराठी तोडकंमोडकं. त्या कानडीत बराच वेळ काहीतरी कळकळीनं सांगत होत्या, आणि आम्ही बायका "हां, हां" म्हणत माना डोलवत होतो. मला त्यातला "दुड्डु" एवढा शब्द कळला. दुड्डु म्हणजे पैसे. म्हटलं, पैसे येणार असं सांगतायत. पुढं कळलं, त्या सांगत होत्या की नोंदणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका, कुठं अंगठा लावू नका.

शुक्रवारी घरी परतलो. गुडघाभर गाळ, भिंतींना ओल, आणि ज्वारीच्या पिंपाचं झाकण उघडलं तर वर हिरवे कोंब. पिंप तरंगून आडवं झालं होतं, पाणी आत गेलं होतं. तांदळाला असा वास सुटलेला की कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही. रेशनचा तांदूळ मिळायला अजून आठ दिवस होते. अशा वेळी "धान्याचं किट" हे दोन शब्द कानावर पडले की माणूस कसा धावतो ते, ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्यालाच कळेल. म्हणून "शिकलेल्या असून कशा फसलात?" असं विचारणाऱ्यांवर मी आता चिडत नाही. मी बारावी शिकले आहे. माझाही अंगठा त्या मशीनवर होता.

शनिवारी दुपारी तो मारुतीच्या देवळाच्या पारावर येऊन बसला. तिशीतला, पांढरा शर्ट, वर बिनबाह्यांचं जाकीट, गळ्यात कानडी अक्षरांचं कार्ड, मांडीवर टॅब आणि हातात काडेपेटीपेक्षा थोडं मोठं अंगठ्याचं मशीन. सोबत एक पोरगा, तो रजिस्टर धरून. बोलणं आमच्यासारखंच, निपाणी-कागलकडचं. पहिलंच वाक्य त्यानं नेमकं मारलं: "वहिनी, फॉर्म सगळं कानडीत हाईत. आपल्या माणसास्नी कळत न्हाईत म्हणून किट परत जातंय. म्हणून मी सोता आलोय."

ह्या वाक्याला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. ते खोटं असतं तर आम्ही सावध झालो असतो. पण ते निम्मं खरं आहे. पंचायतीतली नोटीस कानडीत, नाडकचेरीतला (म्हणजे महसूल कार्यालयातला) अर्ज कानडीत, उतारा कानडीत. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम 1956 पासून पुस्तकात आहे, तो पुस्तकातच आहे. मग प्रत्येक कामाला आम्हाला एक मधला माणूस लागतो. कुणाचा भाचा, कुणाचा पोरगा, झेरॉक्सवाला. मधल्या माणसावर विश्वास टाकायची आम्हाला सवयच लागली आहे. तो त्या सवयीवर पोट भरणारा निघाला.

दहा किलो तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर आणि खात्यावर दहा हजार, असं त्यानं सांगितलं. अर्जाची फी पन्नास रुपये. फी इतकी कमी की कुणाला शंका येऊ नये. आधार कार्ड बघितलं, "खातं कुठल्या बँकेत?" एवढंच विचारलं. पासबुक मागितलंच नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं, कारण पासबुक भिजून त्याचा लगदा झाला होता. आता कळतंय, त्याला पासबुकाची गरजच नव्हती. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर त्याचं काम होत होतं.

आत्तींनी तीस वर्षं विड्या वळल्या, त्याआधी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम केलं. त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी पहिल्या झटक्यात उठत नाही, आणि दुकानदार वैतागून म्हणतो, "म्हातारे, उद्या ये." ह्या माणसानं मात्र आत्तींचा हात हातात घेतला. आधी स्वतःच्या रुमालानं पुसला. मग अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. "काकी, जरा दाबून धरा. हां. आता ह्या हाताचं." दहाही बोटं झाली. मधेच टॅब टुंग वाजला की तो "आलं, आलं" म्हणायचा, आणि परत "एकदा अजून लागंल" म्हणून बोट ठेवायला लावायचा. पहिल्या टुंगला त्यानं शिल्लक बघितली असणार, दुसऱ्याला दहा हजार काढले. आधार नंबर आणि बोटावर पैसे काढायच्या ह्या सोयीत एका वेळेला दहा हजारांपर्यंतच रक्कम निघते, म्हणून बाराशे चाळीस तरी राहिले. घरी येताना आत्ती म्हणाल्या, "किती गरीब सोभावाचं पोरगं. रेशनवाल्यानं ह्याच्याकडं शिकाय पायजे."

माझं बोट दुसऱ्या प्रयत्नाला उठलं. माझ्या खात्यावर साडेतीन हजार होते, शिलाईचे. रजिस्टरवर सह्या झाल्या, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे दिले. आमच्या आळीतली नऊ घरं. किट मंगळवारी पंचायतीत मिळेल म्हणाला.

आता ह्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. आत्तींच्या खात्याला मोबाईल नंबर ह्यांचा जोडलेला आहे. हे इचलकरंजीत यंत्रमागावर असतात. शनिवारी संध्याकाळी ह्यांचा फोन आला, आवाजात आनंद: "आईच्या खात्यावर दहा हजाराचा मेसेज आलाय की! सरकारनं ह्या वेळंला लईच लवकर दिलं." मेसेज इंग्रजीत होता. त्यातला आकडा ह्यांनी बघितला; क्रेडिट झाले की डेबिट, ते बघितलं नाही. आणि आकडा तोच, 2019 चा. मी धावत जाऊन शेजारच्या दोघींना सांगितलं, "आत्तीचे आले, तुमचेही येतील." चोराची जाहिरात मीच केली. रविवारी पारावर रांग लागली होती.

माझा स्वतःचा फोन पुरात बंद पडला होता, त्यामुळं माझा मेसेज मला दिसलाच नाही.

मंगळवारी किट आलं नाही. पंचायतीत विचारलं तर त्यांना माहितीच नव्हतं. तरी आम्ही म्हटलं, सरकारी काम, दोन दिवस इकडंतिकडं होणारच. पैसे "आलेत" म्हटल्यावर किटची घाई कुणाला? मग उजाडला तो गुरुवार.

बँकेतल्या मुलीनं पासबुकातली ओळ दाखवली. शनिवारची तारीख, एईपीएस (म्हणजे आधार आणि बोटावर पैसे काढायची तीच सोय), दहा हजार, काढले. तिचं पहिलं म्हणणं असं की ग्राहकानं स्वतः बोट ठेवून रोख नेलेली दिसते. आत्ती तिथंच खाली बसल्या. मंडळाच्या एका पोरानं शनिवारी "पूरग्रस्तांची नोंदणी सुरू" म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला होता, त्यात त्या रजिस्टरचं पान आलं होतं. संध्याकाळी माझ्या मुलीनं तो फोटो मोठा केला. सहावीत आहे, मराठी शाळेतच, पण कानडी विषय सगळ्यांना असतोच. पानाच्या डोक्यावरची ओळ तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचली: "हण... पडेदिद्देने." मग मान वर करून म्हणाली, "आई, हण म्हणजे पैसे. पैसे मला मिळाले, असं लिहिलंय. आणि तू खाली सही केलीस."

म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर त्याच्याकडं आमच्याच सह्यांचा पुरावा तयार. बोटही आमचं, सहीही आमची.

त्याच रात्री 1930 ला फोन केला. ही सायबर फसवणुकीची सरकारी लाईन, देशभर एकच नंबर. पलीकडून कानडीत सुरू झालं, हिंदीत बोलते म्हटल्यावर हिंदीत घेतलं. तक्रार क्रमांक मिळाला. शुक्रवारी बँकेत लेखी अर्ज, त्यावर शिक्का मारलेली पोच. ती पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगितलेलं पुढं कुणालाही आठवत नाही.

तिथं एका साहेबांनी रिझर्व्ह बँकेचा 6 जुलै 2017 चा नियम समजावून सांगितला, तो मला चार दिवस आधी माहीत हवा होता. बँकेची चूक नसेल आणि तुमचीही नसेल, अशा फसवणुकीत मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर काही भाग आपल्या अंगावर: साध्या जनधनसारख्या खात्याला जास्तीत जास्त पाच हजार, नेहमीच्या बचत खात्याला दहा हजार. सोमवार, मंगळवार, बुधवार हे आमचे तीन दिवस आम्ही किटची वाट बघण्यात घालवले. गुरुवारचा फोन चौथ्या दिवसात पडला. आत्तींचं खातं जनधनचं, त्यांचे पाच हजार परत आले, तेही दिवाळी होऊन गेल्यावर. माझं बचत खातं. साडेतीन हजार दहाच्या आतच, म्हणून मला काही नाही. नियम वाचून दाखवला, मीही वाचला, बरोबर होता.

आता तुमच्याकडं पाणी चढलं तर एवढं ध्यानात ठेवा. पुराच्या मदतीला आमच्याकडं अंगठा लागला नाही. पंचनाम्याला तलाठी आणि पंचायतीची माणसं येतात, घराचा फोटो काढतात, कागद घेतात, फी घेत नाहीत. कपडे-भांड्यांसाठी 2022 ते 2026 च्या निकषांत घरटी अडीच आणि अडीच, असे पाच हजार होते, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा पाणी घरात दोन दिवसांहून जास्त राहिलं असेल तर. राज्य सरकार वर काही घालतं तेव्हा ते जाहीर होतं. दहाचा आकडा कुणी घरी येऊन सांगितला म्हणून तो खरा होत नाही. धान्याचं किट वाटणारे आमच्याकडं मंडळांचे, संस्थांचे कितीतरी आले, कुणी नाव लिहून घेतलं, कुणी तेही नाही. बोट एकानंच मागितलं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. मोबाईलमधल्या आधारच्या अॅपवरून होतं, आधारला नंबर जोडलेला असला म्हणजे झालं. मी घरातल्या सगळ्यांचं केलं. एक त्रास आहे, तो कुणी सांगत नाही: लॉक असताना रेशनच्या मशीनवरही बोट चालत नाही. दुकानात रांगेत उभं राहून थोड्या वेळापुरतं उघडायचं, आणि आत्तींची बोटं आधीच अशी, की दुकानदार आता दुप्पट वैतागतो. वैतागू दे. शिवाय बँकेत अर्ज देऊन आत्तींच्या खात्यावरून आधारनं पैसे काढायची सोयच बंद करून घेतली, आणि मेसेजसाठी नंबर ह्यांचा काढून माझा घातला.

पोलिसांत आम्ही नऊ घरांनी मिळून तक्रार दिली. रविवारच्या रांगेतली माणसं आली नाहीत. "आमचे थोडेच गेले," म्हणाली. जबाब कानडीत टाईप झाला. हवालदारांनी पान पुढं सरकवलं, "इथं सही." मी पेन हातात घेतलं नाही. लेकीला बाकावरून उठवून आणलं आणि म्हटलं, वाच. तिला जोडाक्षरं अडत होती, हवालदारांनी दोन वेळा घड्याळ बघितलं. तिनं दुसऱ्या पानावर थांबून सांगितलं की आजीचे दहा हजार असं हवं होतं, इथं एक हजार पडलंय. त्यांनी पुन्हा टाईप केलं. मग तिनं पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतलं, आणि आम्ही नऊ घरच्या बायका उभ्या राहून ऐकत राहिलो.