झिपलाइनचा लाकडी आधार: नुसता खांब, स्टेवाला खांब, कैची की मचाण?

घरामागे मोकळी जागा आहे, झाड नाहीये किंवा आहे पण हवं तिथे नाहीये, आणि पोरांना झिपलाइन पाहिजे, म्हणजे दोन टोकांत ताणलेल्या केबलला लटकून घसरत जायचा खेळ. मग पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, लाकूड किती जाड घेऊ? मी पण तिथूनच सुरुवात केली होती, चांगला जाडजूड खांब आणला, काँक्रीटमध्ये पुरला, आणि जमीन भिजली तसा तो काँक्रीटच्या गोळ्यासकट आरामात पुढे कलला. लाकडाला काहीच झालं नव्हतं, मातीनेच हात वर केले.

तेव्हा आधी केबल किती ओढते ते बघू, कारण सगळी तुलना त्यावरच आहे. ८० किलोचा माणूस मधोमध लटकला आणि तिथे केबल लांबीच्या ५ टक्के खाली आली, म्हणजे ३० मीटरला दीड मीटर झोळ, तर प्रत्येक टोकाला साधारण ४०० किलोची ओढ बसते. तीच केबल टर्नबकल (केबल ताणायचा आट्यांचा स्क्रू) पिळून पिळून तंबोऱ्याच्या तारेसारखी केली आणि झोळ २ टक्क्यांवर आणला तर ओढ थेट १००० किलो! माणूस तोच, खांब तोच. म्हणून केबल ताठ म्हणजे काम भारी हे डोक्यातून काढा, झोळ ठेवा, आणि खालचे सगळे आकडे ४०० किलोचे आणि ३ मीटर उंचीचे धरा. अचानक ब्रेक, उड्या, दोघं एकदम लटकणं वगैरे आलं की ते वाढणार, त्यामुळे हिशोबाच्या काठावर काहीच बांधू नका.

नुसता खांब दिसायला सगळ्यात सुटसुटीत, मागे काही आडवं येत नाही. पण सगळी ओढ जमिनीलगतच्या त्या एका जागी खांबाला मोडायला बघते. १५ सेंमीचा चौकोनी खांब घेतला तर बांधकामाच्या साध्या लाकडाला जेवढा भार द्यावा त्याच्या अंदाजे दुप्पट तिथे येतो, २० सेंमीचा घेतला तर कसाबसा बसतो. (जाडी थोडी वाढली की वाकण्याविरुद्धची ताकद घनाच्या हिशोबाने वाढते, १५ चा २० केला की जवळजवळ २.४ पट.) आणि लाकूड कुजतं पण नेमकं तिथेच, माती आणि हवा भेटते त्या पट्ट्यात. त्यात सव्वा-दीड मीटर तरी खोल पुरायचा आणि माती भुसभुशीत असली तर तेही कमीच. छोट्या मुलांसाठी, कमी उंचीची, आखूड लाइन असेल तर ठीक, मोठी माणसं बसणार असतील तर मी नाही करणार.

स्टेवाला खांब म्हणजे विजेच्या शेवटच्या खांबाला मागून जमिनीत तार ओढलेली असते ना, तेच. इथे खांबाचं कामच बदलतं, त्याला वाकवणारं फारसं कोणी उरत नाही, तो फक्त वरचं वजन खाली नेतो आणि मग १५ सेंमीचं लाकूड निवांत पुरतं. गोम अंतरात आहे. स्टे खांबाच्या उंचीइतका मागे, म्हणजे ३ मीटरवर गाडला तर त्यात ५६५ किलोच्या आसपास ओढ येते, जागा नाही म्हणून दीड मीटरवर गाडला तर तीच ९०० च्या जवळ जाते. शिवाय स्टे आणि केबल खांबावर एकाच उंचीला बांधायची, स्टे हातभर खाली बांधलात तर तेवढा तुकडा परत वाकायला मोकळा. जमिनीत नुसती मेख ठोकून भागत नाही, मीटरभर खोल आडवा ओंडका पुरून त्याला बांधा. तोटा एकच पण खरा तोटा आहे, त्या तिरक्या तारेला अंधारात कोणीतरी धडकतंच, तिच्यावर रंगीत पाइप चढवा.

कैची म्हणजे वर एकत्र जोडलेले आणि खाली फाकवलेले दोन खांब, तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. झोपाळ्यासारखे पाय डावी-उजवीकडे फाकवले तर ती बाजूला हलणार नाही एवढंच, केबलच्या ओढीला तिचा काही उपयोग नाही, मागून स्टे लागणारच. पाय केबलच्याच दिशेत, एक पुढे एक मागे फाकवले तर ती स्टेशिवाय उभी राहते, मात्र मागचा पाय जमिनीतून उपटायला बघतो. खाली पायांत ३ मीटर अंतर असेल तर ४०० किलोनं, २ मीटर असेल तर ६०० नं. नुसते ४०० किलो दाबून धरायला सगळ्या बाजूंनी ५५ सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा लागतो, वजनाने त्याच्या दुप्पट तरी घाला म्हणजे झोप लागेल. मागे जागा कमी आणि स्टे नकोच असेल तर हीच, पण वरचा सांधा नीट जमला पाहिजे, तिथे खिळे चालणार नाहीत, आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर.

मचाण पोरांना सगळ्यात आवडतं आणि लाकूडही सगळ्यात जास्त खातं. चार पाय आहेत म्हणजे भक्कम असं वाटतं, पण दीड मीटर रुंद मचाणाला केबल बांधली तर मागच्या दोन पायांवर मिळून ८०० किलोची उपट येते, माझ्या मते तो नसता उद्योग आहे. मचाण उभं राहायला बांधा, केबल त्याच्या शेजारच्या वेगळ्या स्टेवाल्या खांबाला द्या.

माझं मत विचाराल तर मागे ३ मीटर मोकळे असतील तर डोळे झाकून स्टेवाला खांब, नसतील तर केबलच्या दिशेतली कैची. लाकूड कुठलंही घ्या पण जमिनीत जाणारं टोक प्रेशरने औषध भरलेलं हवं, वरून ब्रशने लावलेलं नाही. खड्ड्याच्या तळाला खडी घाला, काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उताराचा करा म्हणजे पाणी खांबाशी साचणार नाही. केबलच्या टोकाला तीन क्लॅम्प, आणि क्लॅम्पचा जाड बसका भाग भार घेणाऱ्या तारेवर यायला हवा, यू बोल्ट कापलेल्या शेपटीवर. हे उलटं लावलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता कुठेही गेलो तरी आधी तिकडेच बघतो.

आणि स्टे आवळताना खांब मुद्दाम दोन-तीन सेंमी मागे झुकवून ठेवा, पहिल्या काही फेऱ्यांत तो पुढे येतोच, मग ओळंबा लावून बघा.