युरोपला बोल्ट पाठवणाऱ्याने पैसे कुठे घालावेत: सोलर, आरईसी, कार्बन क्रेडिट की वायर रॉडचा हिशेब?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) नट-बोल्टच्या कारखान्याला युरोपातल्या गिऱ्हाइकाचा मेल येतो: सीबॅमसाठी उत्सर्जनाचे आकडे पाठवा. मग कोणी छपरावरच्या सोलरचं कोटेशन आणतो, कोणी आरईसी म्हणजे हरित विजेचं प्रमाणपत्र सुचवतो, कोणी कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे वाचवलेल्या उत्सर्जनाचं विकत मिळणारं प्रमाणपत्र. सगळेच कार्बनच्या टनांत बोलतात, त्यामुळे कुठलाही टन कुठेही चालेल असं वाटतं. तो टन मागतंय कोण, हे आधी पाहा.

सीबॅम हा युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसते अहवाल द्यावे लागत. १ जानेवारी २०२६ पासून पैसे लागू झाले. पैसे आयातदार भरतो, पण दर ठरवताना तो तुमच्याकडून वसूल करणारच. बाकू (२०२४) आणि बेलेम (२०२५) इथल्या हवामान परिषदांत भारतासह विकसनशील देशांनी अशा एकतर्फी उपायांवर आक्षेप घेतला. १९९२ पासून मान्य असलेल्या ‘समान पण वेगवेगळ्या जबाबदारी’च्या तत्त्वाला धरून तो आक्षेप रास्तच आहे. कंटेनर मात्र त्याने सुटत नाही.

सोलर आधी घेऊ, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त. १०० किलोवॅटचं सोलर आपल्याकडे वर्षाला साधारण १.४ लाख युनिट देतं. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर जवळपास १०० टन वाचतात. वीजबिलापुरता हा उत्तम सौदा आहे. पण पोलादी मालाला सीबॅम फक्त थेट उत्सर्जन मोजतो. वापरलेल्या विजेचं उत्सर्जन सिमेंट आणि खतांनाच लागतं. म्हणजे बोल्टच्या सीबॅमच्या आकड्यातून हे १०० टन वजा होत नाहीत. सोलर जरूर लावा, पण त्याची परतफेड वीजबिलातून मोजा. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते बदलण्याचा खर्चही कोटेशनमध्ये मागा. हा आकडा बहुधा शेवटी बाहेर येतो.

आरईसीचंही तेच. एक आरईसी म्हणजे १,००० युनिट हरित वीज. गिऱ्हाईक स्वतःच्या पुरवठा साखळीच्या अहवालासाठी तुमच्या विजेचा हिशेब मागत असेल तर ती उपयोगी पडते. सीबॅमला शून्य.

कार्बन क्रेडिटबद्दल स्पष्टच सांगतो: सीबॅमसाठी घेऊ नका. आयातदाराला वजावट मिळते ती माल बनलेल्या देशात प्रत्यक्ष भरलेल्या कार्बन किमतीची. विकत घेतलेल्या ऐच्छिक क्रेडिटची मिळत नाही. भारताची सीसीटीएस ही कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली, पण तिचं बंधन मोठ्या कारखान्यांवर आहे. कॅटलॉगवर छापायला क्रेडिट घेणारच असाल तर अनुक्रमांक रजिस्ट्रीत तुमच्या नावाने कायमचा रद्द झाल्याचं पाहा. आपल्या शेजारच्या पंचमहालातलंच उदाहरण आहे. रणजितनगरचा एचएफसी-२३ वायू जाळण्याचा प्रकल्प २००५ मध्ये क्योटो कराराच्या सीडीएम या क्रेडिट देणाऱ्या यंत्रणेखाली नोंदला गेला. या वायूचा एक किलो ११,७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरला जाई, त्यामुळे अशा प्रकल्पांतून क्रेडिटचे डोंगर उभे राहिले. २०१३ मध्ये युरोपने आपल्या बाजारात ती सगळीच क्रेडिट बंद केली. घेतलेला कागद उद्या चालेलच असं नाही.

उरला वायर रॉडचा, म्हणजे ज्या पोलादी सळईच्या कॉइलपासून बोल्ट बनतो तिचा हिशेब, आणि खरा पैसा इथेच आहे. बोल्टच्या सीबॅमच्या आकड्यात रॉड बनवतानाचं उत्सर्जनही धरलं जातं. उदाहरणापुरतं धरा: एक टन बोल्टला १.०८ टन रॉड लागतो आणि झोतभट्टीच्या रॉडचं उत्सर्जन टनामागे २.५ टन आहे. झाले २.७ टन. तुमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत टनामागे ६० घनमीटर गॅस जळला, घनमीटरला २ किलो धरले, तर फक्त ०.१२ टन. शिवाय २०२५ च्या दुरुस्तीने काही पोलादी मालाची फिनिशिंगची पायरी हिशेबाबाहेरच काढली आहे. तुमच्या मालाच्या कस्टम्स कोडला ती दुरुस्ती लागू आहे का, हे आयातदाराकडून लेखी घ्या. भंगारापासून केलेल्या रॉडचा आकडा बराच खाली असतो. मात्र इंडक्शन भट्टीत कोळशावरचं स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड) घातलं असेल तर त्याचं उत्सर्जनही रॉडबरोबर येतं, म्हणून ‘इलेक्ट्रिक रूट’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

‘२०२६ मध्ये तर अडीचच टक्के भरायचेत’ हेही अर्धसत्य. सूट मिळते ती युरोपने त्या मालासाठी ठरवलेल्या उत्सर्जनाच्या मापदंडापर्यंत, त्याच्या ९७.५ टक्क्यांवर. त्याहून जास्त निघालेलं उत्सर्जन पहिल्या वर्षापासून पूर्ण मोजलं जातं. पडताळलेला आकडा नसेल तर आयातदार ठरावीक मूल्य लावतो, आणि त्यावर वाढीव टक्के चढतात. ५० टनांची माफीही तुमच्या मालावर नाही; आयातदाराने वर्षभरात सगळीकडून आणलेल्या सीबॅमच्या मालाची बेरीज तिथे धरतात.

तेव्हा माझा क्रम असा: आधी रॉडचा आकडा, मग सोलर, गिऱ्हाइकाने मागितली तरच आरईसी. रॉडच्या ऑर्डरवरच लिहा: बनवण्याची पद्धत, कालावधी, टनामागे थेट उत्सर्जन, पडताळणी कोणाची. नेहमीच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर हे नसतं. तिथला ‘कार्बन ०.३५’ हा पोलादातला कार्बन असतो आणि तोच उतरवून युरोपला पाठवण्याची चूक सहज होते. स्टॉकिस्टकडून माल घेत असाल तर प्रत्येक कॉइलचा हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीतून ज्या खेपेत निघालं तिचा क्रमांक, जपा. पिकलिंगच्या (गंज-पापुद्रा काढण्याच्या) ॲसिडात कागदी टॅग विरघळतो आणि तार ओढल्यावर दोन मिलच्या कॉइल सारख्याच दिसतात. नंबर ठोकलेला स्टेनलेसचा टॅग तारेने बांधा, आणि तार ओढून झाली की तोच टॅग नव्या कॉइलवर चढवा.