भुसावळला दुरुस्त केलेला वेटसूट

माहेर भुसावळ, नोकरी आयर्लंडमध्ये. तिथे मी सर्फिंग करते, म्हणजे फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत जाते. बुंडोरन गावासमोर ‘द पीक’ नावाची लाट फुटते. तळाला वाळू नाही, खडक आहे. ओहोटीला ही लाट सगळ्यात छान फुटते, डावीकडेही आणि उजवीकडेही. डावी लांब चालते, म्हणून माझी आवडती. गेल्या उन्हाळ्यात तिथेच पडले आणि खडकाने वेटसूटचा, म्हणजे गार पाण्यात घालायच्या अंगाबरोबरच्या रबरी सूटचा, गुडघा बोटभर फाडला.

ऐन उन्हाळ्यातही तिथलं पाणी 15-16 अंशांच्या आसपास. सूट अंगालगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो आणि निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या फेसासारख्या रबरातले, बारीक बुडबुडे ऊब जाऊ देत नाहीत. चीर पडली की दर बुडीला नवं गार पाणी आत येतं.

दिवाळीला येताना सूट घेऊन आले. स्टेशनजवळ बॅगा, चेनी, रेक्झिनची कामं करणारे एक काका बसतात. असला कपडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. चीर ताणून उजेडाला धरली, कडा चिमटीत दाबून पाहिल्या आणि म्हणाले, “ताई, मशीन नको. सुई आरपार गेली तं जितके टाके तितके भोकं. पानी येईनच.” वेटसूट बनवणारे नेमकं हेच टाळतात!

काकांनी ब्लेडने कडा साफ केल्या. पंक्चरचं सोल्युशन बाजूला ठेवून बुटाचं घेतलं, दोन्ही कडांना पातळ हात दिला, सुकू दिला, पुन्हा दिला, मग कडेला कड भिडवून दाबून धरली. दुसऱ्या दिवशी हाताने टाके घातले, सुई फक्त अर्ध्या जाडीतून फिरवत. घाई केली नाही, मला करू दिली नाही. घेतले 120 रुपये.

या जुलैत पुन्हा पीकवर गेले. उन्हाळ्यात तिथे लाटा लहान, त्यामुळे फळीवर बसून वाट पाहण्यातच जास्त वेळ जातो आणि गारठा तेव्हाच कळतो. गुडघा कोरडा राहिला नाही, वेटसूटमध्ये तो राहतही नाही, पण उबदार राहिला. फळीवर उभं राहताना सगळा ताण तिथेच येतो, तरी एक टाका उसवला नाही. सांधा जरा कडक लागतो, एवढंच.

गुडघ्याचा पट्टा, लॅपटॉपचं कव्हर, निओप्रीनचं काहीही फाटलं तर त्यांच्याकडे न्या. आधी गोड्या पाण्यात धुऊन खडखडीत वाळवा, मिठावर सोल्युशन धरत नाही.