रनवेखालचं बघायला काय घ्यावं, गाडीवरचा हॉर्न की ढकलायची ट्रॉली?

जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडून खालचे थर आणि पोकळ्या बघणं, करायचंच असं ठरलं असेल तर पुढचा प्रश्न हाच येतो: गाडीला लावलेला, हवेतूनच लहरी सोडणारा हॉर्न अँटेना, की जमिनीला टेकवून ढकलायची अँटेनाची ट्रॉली? मी दोन्ही वापरलंय आणि आता बहुतेक वेळा ट्रॉलीच घेतो, पण तुमची परिस्थिती वेगळी असू शकते.

वेगात हॉर्नला तोड नाही. जमिनीला टेकायचं नाही, गाडी धावत राहते आणि बघता बघता सगळ्या लाईन्स होऊन जातात. मुंबईत 17 ऑक्टोबर 2023 ला 09/27 आणि 14/32 दोन्ही रनवे सकाळी 11 ते संध्याकाळी 5 एवढेच बंद होते, पावसाळ्यानंतरची सगळी डागडुजी त्यातच, अशा ठिकाणी ट्रॉली घेऊन कोण फिरू देणार?

पण माझी कामं बरीचशी रात्रीची, ऑक्टोबरनंतरची, कोकणपट्टीतली. पहाटे रनवेवर दव पडतं, टॉर्च आडवा धरला की डांबर चमकायला लागतं, आणि हॉर्नचं गणित तिथेच फिसकटतं. कारण तो जाडी काढतो ती पृष्ठभागावरून सिग्नल किती जोरात परत आला हे धातूच्या पत्र्यावर घेतलेल्या रिडिंगशी ताडून. डांबराचा डायइलेक्ट्रिक (हा आकडा जितका मोठा तितकी लहर आत हळू आणि परतावा जोरात) साधारण 4 ते 7 आणि पाण्याचा 80 च्या आसपास, त्यामुळे नुसत्या ओलीने परतावा वाढतो, सॉफ्टवेअर समजतं की आत लहर हळू चालतेय आणि थर आहे त्यापेक्षा पातळ दाखवतं. हीच जाडी पुढे एचडब्ल्यूडीच्या (रनवेवर वजन आपटून तो किती दबतो ते मोजणारं यंत्र) हिशोबात जाते, तिथे थर पातळ धरला की मॉड्यूलस, म्हणजे थराचा ताठपणा, जास्त निघतो, म्हणजे आतून खराब झालेलं डांबरही ठणठणीत वाटू शकतं. मला हे अजिबात चालत नाही.

ट्रॉलीत लहरीचा वेग कोअर (रनवेतून कापून घेतलेला गोल नमुना) काढून ठरवता येतो, दवाने एवढं बिघडत नाही. 900 मेगाहर्ट्झच्या अँटेनाला बेसपर्यंत (डांबराखालच्या थरापर्यंत) नीट दिसतं, 400 ला अजून खाली. वेळ मात्र खूप जातो, त्यामुळे मी चाकं पडतात तो पट्टा आणि टचडाऊनचा भाग आधी उरकतो. खाली ओली चिकणमाती असेल तर दोघांचंही फारसं चालत नाही. काँक्रीटच्या स्लॅबखालची बारीक पोकळी कोरडी असली तर सहज निसटते, पाणी भरलेली मात्र ठळक दिसते, म्हणून पाऊस संपल्या संपल्या केलेला सर्व्हे मला जास्त पटतो.

दिवसाची कोरडी वेळ मिळत असेल तर हॉर्न बिनधास्त घ्या. रात्रीचं काम असेल तर माझं मत ट्रॉलीला, आणि कोटेशनमध्ये कोअर किती धरलेत ते आधी विचारा, एकही नसेल तर मी तरी सही करणार नाही.