आंब्याचे ‘डोळे उघडणारं’ औषध

गोव्यात डिचोलीला आमचं लहानसं भाट, म्हणजे बागायत आहे, त्यात बाबांनी लावलेली मानकुराद जातीच्या आंब्याची 18 झाडं. ज्यांच्याकडे मानकुराद आहे त्यांना सांगायला नको: एका वर्षी फांद्या वाकतात, दुसऱ्या वर्षी घरापुरतेही आंबे मिळत नाहीत. आणि हंगामाच्या तोंडाला म्हापशाच्या बाजारात डझनाचा भाव हजारांत जातो. एवढं ज्याला ठाऊक आहे, त्याला आमच्यासारख्याला गाठणं कठीण नाही.

गेल्या नोव्हेंबरात मोटरसायकलवरून एक माणूस आला. मोबाईलमध्ये नाशिकच्या द्राक्षबागांचे फोटो. झाडाखाली उभा राहून म्हणाला, “काका, तुमच्या आंब्याचे डोळे झोपलेत. नाशिकला छाटणीनंतर काडीला लावतात, तेच हे हार्मोन. पंधरा दिवसांत मोहोर बघा.” डोळे म्हणजे फांदीवरचे न फुटलेले कोंब. शेजारच्या दोघांनी घेतलंय, असंही म्हणाला. मी त्यांना विचारायला गेलो नाही. 9 बाटल्या, एकेक 1,800 रुपयांना. 16,200 रुपये रोख मोजले. पावती मागितली तर म्हणाला, पुढच्या खेपेला आणतो.

दोन फवारण्या केल्या. डिसेंबरात झाडं जागी झाली खरी, पण मोहोर नाही, सगळीकडे तांबूस कोवळी पालवी. पलीकडच्या भाटातला मोहोराचा वास आमच्या अंगणापर्यंत यायचा. बाबा सकाळी खुर्ची टाकून झाडांकडे बघत बसायचे, मला एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता.

रिकामी बाटली पाण्यात भिजत घातली तेव्हा वरचं लेबल सुटलं. खाली दुसरं निघालं: जिबरेलिक ॲसिड, 0.001 टक्के. छापील किंमत मी दिलेल्या पैशाच्या पाव हिश्शाएवढीही नव्हती.

बाटली घेऊन विभागीय कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं. जिबरेलिक ॲसिड हे जिबरेलिन, म्हणजे झाडाच्या वाढीचं हार्मोन. त्याने शेंडे वाढतात. आंब्यात ते मोहोराला मागे ढकलतं. आपण मोहोरासाठी कल्टार (पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध) घालतो ते झाडाचं स्वतःचं जिबरेलिन कमी व्हावं म्हणूनच. म्हणजे मोहोरासाठी पैसे मोजून मी मोहोर अडवणारं औषध मारलं. थोडी पालवी तशीही आली असती, हेही त्यांनी सांगितलं, पण त्यावर हे फवारणं म्हणजे उरलीसुरली आशा घालवणं.

द्राक्षाची गोष्ट तर मुळातच वेगळी. द्राक्ष, सफरचंद ही थंडीत झोपणारी झाडं. नाशिकला पुरेशी थंडी नसते म्हणून छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, आणि ते हार्मोनही नाही. आंबा तसा झोपत नाही. त्याची पालवी जून व्हावी लागते आणि रात्री गार पडाव्या लागतात. हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे, आणि ते हाताळल्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे फवारणीला आलेले दोघे संध्याकाळी घोटभर घेतात. बाटलीत खरोखर ते असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री जागा ठेवतो.

कल्टार घालायचंच तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली, मुळांशी. नोव्हेंबरात कोणी मोहोराची हमी देत आला तर त्याला आत घेऊ नका. मोहोरासाठी जून झालेल्या फांद्यांवर 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारतात, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. ते स्वस्त आहे आणि त्यासाठी गूढ बाटली लागत नाही. अशा औषधांच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदतीची तारीख असावीच लागते. माझ्या वरच्या लेबलावर यातलं काहीच नव्हतं, नुसतं आंब्याचं चित्र.

पेडणे, सत्तरी, बार्देशात कोणी अशी बाटली घेतली असेल तर दुसरी फवारणी करू नका. लेबलाचा कोपरा नखाने उचलून बघा. खाली दुसरं लेबल दिसलं तर बाटली फेकू नका, तशीच जवळच्या कृषी कार्यालयात न्या. माझी तिथे जमा आहे, दोन्ही लेबलांसकट.